आवडता आकार सांगा, स्वभाव ओळखतो

चौकोन, त्रिकोण, आयत, वर्तुळ आणि एक नागमोडी रेघ. "यातला कोणता आकार म्हणजे मी, असं वाटतं? फार विचार करू नका, पटकन खूण करा." अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्याचं कॅन्टीन असो, उल्हासनगरच्या कॉलेजातला सेमिनार हॉल असो, की बदलापुरातल्या बचत गटाचा मेळावा असो, व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर म्हटलं की चहाच्या आधी हा कागद हातात पडण्याची शक्यता बरीच असते. खुणा झाल्या की सर फळ्याकडे वळतात. चौकोनवाले कष्टाळू, नेटके, दिल्या शब्दाला जागणारे. त्रिकोणवाले पुढारी, ध्येयावर नजर ठेवणारे. वर्तुळवाले माणसं जोडणारे, भांडण मिटवणारे. नागमोडी रेघ निवडणारे कल्पक, पण शिस्तीचं वावडं. आणि आयतवाले सध्या बदलातून जाणारे, अजून स्वतःला शोधणारे. हशा होतो, शेजारणीला कोपरखळी बसते, "अगदी बरोब्बर हो सर!" असा मागच्या बाकावरून आवाज येतो. मग सामोसे.

हा खेळ इथला नाही. अमेरिकेत संवादकौशल्याचे वर्ग घेणाऱ्या सुझन डेलिंजर यांनी १९७८ मध्ये तो मांडला, 'सायको-जॉमेट्रिक्स' असं नाव दिलं आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे येईपर्यंत बाईंचं नाव गळून पडलं, झेरॉक्सची झेरॉक्स होत राहिली आणि "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" एवढं वाक्य मात्र वाटेत चिकटलं. तासभर करमणूक म्हणून त्याला माझी काही हरकत नाही. पण करमणूक संपल्यावर कागद गोळा होतात, आणि माणसाच्या परिस्थितीबद्दल बोलायची जिथे गरज असते तिथे त्याच्या स्वभावाबद्दल बोलायची सोय होते. माझं भांडण आहे ते या सोयीशी. तिथवर जायच्या आधी "बरोब्बर" का वाटतं ते बघू.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याभराने प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं आणि ते किती लागू पडतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, आणि त्यातली वाक्यं रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपल्याला मान द्यावा असं तुम्हाला वाटतं. वरून शिस्तीचे दिसत असलात तरी आतून कधीकधी धास्ती असते. अशा वाक्यांना नाही म्हणणारा माणूस विठ्ठलवाडीपासून वांगणीपर्यंत शोधून सापडायचा नाही. आकारांच्या कागदावरची वर्णनंही याच वाणाची आहेत. बारकाईने वाचलीत तर त्यांत दोष असे नसतातच. गुणांची दुसरी बाजू असते. "शिस्तीचं वावडं" ऐकून कुणी चिडत नाही, कारण त्याच्या आधी "कल्पक" आलेलं असतं.

आपल्याला तर अशी वर्णनं मानून घ्यायची सवय बारशापासूनची. नावरास काढायची, पत्रिका मांडायची, लग्नाच्या वेळी ३६ पैकी किती गुण जुळतात ते बघायचं. या बाबतीत महाराष्ट्रात एक फार नेटका प्रयोग झाला. २००८ मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. त्यांतली निम्मी हुशार म्हणून शाळांनी निवडलेली होती, निम्मी मतिमंदांच्या शाळेतली. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या आणि प्रत्येक मूल कोणत्या गटातलं एवढंच विचारलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ४० पैकी २० बरोबर यावेत. सर्वांत यशस्वी ज्योतिष्याचे आले २४, आणि सगळ्यांची सरासरी २० च्याही खाली राहिली. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. मला या प्रयोगात निकालापेक्षा मांडणी आवडते. "पटतं का?" हे कुणाला विचारलंच नाही. पटणं बाजूला ठेवून ओळखता येतं का, एवढंच तपासलं. शिबिरात नेमकं उलटं होतं. तिथे टाळ्या हाच पुरावा.

यावर शिबिरवाले सर एक बरा मुद्दा काढू शकतात. आकारांना अर्थ असतात, हे तर खरं ना? खरं आहे. वोल्फगांग कोहलरने १९२९ मध्ये दाखवून दिलं होतं की गोलसर आकाराला एक प्रकारचं निरर्थक नाव द्यावंसं वाटतं आणि टोकदार आकाराला दुसऱ्या. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' ही नावं वापरून तेच केलं. सुमारे ९५ टक्के लोकांनी गुबगुबीत आकाराला बूबा आणि काटेरी आकाराला किकी म्हटलं. २००६ मध्ये मोशे बार आणि माइटल नेटा यांना आढळलं की टोकदार वस्तूंपेक्षा वळणदार वस्तू लोकांना जास्त आवडतात. आपणही तिरकस बोलतो, गोलगोल उत्तर देतो, चौकटीबाहेर जातो. पण या सगळ्यातून सिद्ध काय होतं? आकार बघून आपल्या सगळ्यांच्या मनात साधारण सारखंच काहीतरी उमटतं, एवढंच. आणि जे सगळ्यांत सारखं आहे, त्यावरून एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. खोलीतल्या बहुतेकांना वर्तुळ आवडलं, तर सरांना मानवी डोळ्याविषयी काहीतरी कळलं. पॅकिंग विभागातल्या ताईंविषयी काही कळलं नाही.

उरतो तो भाग, जिथे निवड खरोखर वेगवेगळी होते. ती का होते? अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत आकृत्या घेऊन फिरला. शाळेत गेलेल्यांनी वर्तुळाला वर्तुळ म्हटलं, चौकोनाला चौकोन. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना वर्तुळात थाळी, चाळणी, चंद्र दिसला, चौकोनात आरसा, दार, जर्दाळू वाळवायची फळी, त्रिकोणात ताईत. आकृती तीच होती, फरक होता तो बघणाऱ्याच्या आयुष्यात.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या मागच्या अंगाला गाळ्यांमधून कधी डोकावलात तर हे नीट दिसेल. सुतार प्लायच्या कोपऱ्याला गुण्या लावतो, एक डोळा मिटून फटीतून उजेड येतो का बघतो. कपाटाची चौकट ठोकून झाली की टेपने एक कर्ण मोजतो, मग दुसरा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात. दोन सुतांचा फरक आला तर एका कोपऱ्यावर हातोडीचा ठोका, आणि पुन्हा टेप. या माणसाने शिबिरात चौकोनावर खूण केली, तर ती त्याच्या नेटक्या स्वभावाची खूण, की वीस वर्षांच्या हाताची? त्याने चौकोनाला कंटाळून नागमोडी रेघ निवडली, तर तो एकदम बेशिस्त? अंबरनाथमध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिथल्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला वर्तुळ दिसलं की आधी त्याचा व्यास आठवतो. माणसं जोडणं वगैरे नंतर. आणि त्याच गावात शिलाहारांचं शिवमंदिर आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं. मंडप आणि गाभारा हे दोन चौरस तिरपे ठेवून कोपऱ्याला कोपरा भिडवल्यासारखा त्याचा तलविन्यास आहे, आणि चौरसांच्या कडा इतक्या वेळा मोडत नेल्या आहेत की बाहेरून चालताना मूळ चौरस सापडतच नाही. ते रचणारा स्थपती चौकोनवाला होता की नागमोडी, हे सरांनी सांगून दाखवावं.

इथे कुणी म्हणेल, अहो, पण प्रश्न आवडीचा नाही, "हा मी आहे" असं वाटण्याचा आहे. ठीक. ज्याला आपण शिस्तीचे आहोत असं वाटतं, तो बहुधा चौकोन निवडेल, कारण चौकोन म्हणजे शिस्त हे त्यालाही ठाऊक आहे. मग चाचणीने काय शोधून काढलं? त्याने स्वतःबद्दल जे सांगितलं तेच त्याला परत ऐकवलं. त्यापेक्षा "तुम्ही शिस्तीचे आहात का?" असं सरळ विचारलेलं स्वस्त पडतं, आणि उत्तर खोटं असेल तर निदान ते कुणी दिलं हे स्पष्ट राहतं.

खरी चाचणी तयार करणं हे कंटाळवाणं, खर्चिक काम आहे, आणि ते आपल्याकडे झालेलं आहे. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला झेपतो हे इथल्या मुलांवर तपासून प्रश्नांची जागा बदलावी लागली. १९४० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं, आणि बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे दवाखान्यांत वापरली जाते. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने चाचण्या तयार करण्यासाठी मानसशास्त्राची स्वतंत्र संशोधिकाच उभी केली. अशा कामात दोन गोष्टी सोडून चालत नाही. महिन्याभराने पुन्हा विचारलं तर उत्तर साधारण तेच येतं का? आणि त्या उत्तराचा, चाचणीच्या बाहेर दिसणाऱ्या कशाशी तरी संबंध लागतो का? यासाठीच व्यक्तिमत्त्वाच्या गंभीर चाचण्यांमध्ये एकाच गुणाबद्दल फिरवून फिरवून अनेक प्रश्न असतात, म्हणजे एका उत्तरातली चूक दुसऱ्यात विरून जाते. एका खुणेत विरायला जागाच नाही. सकाळी वर्तुळ आणि जेवणानंतर त्रिकोण असं झालं, तर माणूस दुपारी पुढारी झाला म्हणायचं की काय?

शास्त्राच्या नावावर याहून वाईट गोष्टीही विकल्या जातात. बोटांच्या ठशांवरून मुलाची 'जन्मजात बुद्धिमत्ता' सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्यांसाठी पालक काही हजार रुपये मोजतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्यामानाने पाच आकारांचा कागद गरीबच.

चाचणी बरी असली तरी सगळं सुटतं असं नाही. २०१६ पासून काही वर्षं राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. पुढे ती मोबाइलच्या अ‍ॅपवरही झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे ते कळायचं. प्रश्न पुष्कळ होते, हेतू चांगला होता, आणि निकालावर प्रवेश अवलंबून नव्हता, हे त्याहून चांगलं. पण बदलापूरच्या मुलीचा कल 'ललित कला' आला तर पुढे काय, याचं उत्तर चाचणीत नव्हतं. ते उत्तर घरात किती पैसे आहेत, जवळ कोणतं कॉलेज आहे, आणि रोज लोकलने मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयापर्यंत जायला घरचे सोडतील का, यात होतं. चाचणीने ओढा सांगितला. वाट आहे की नाही हा वेगळाच प्रश्न होता आणि तो कुणी मोजला नाही.

आता कारखान्यात परत जाऊ, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. समजा एक कंत्राटी कामगार महिन्यातून चार वेळा उशिरा येतो. शिबिरात त्याने नागमोडी रेघ निवडलेली. सुपरवायझर हसत म्हणतो, "तरीच! तुझं हे असंच." वाक्य गमतीचं आहे, पण काम करून जातं. तो माणूस वांगणीहून येतो. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्गिका. त्यांवरून लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्यांनाच जायचं असतं. बदलापूरपर्यंत तिसरी-चौथी मार्गिका मुंबईच्या रेल्वे विस्ताराच्या 'एमयूटीपी ३-अ' योजनेत मंजूर झाली, पण मंजुरीवर बसून कामावर येता येत नाही. एक एक्स्प्रेस पुढे काढली की मागची लोकल थांबते. स्टेशनवरून एमआयडीसीत जायला शेअर रिक्षा, ती चौथा माणूस मिळेपर्यंत हलत नाही. लेटमार्क लागतो तो यामुळे. हे सगळं मालकाशी बोलता येण्यासारखं आहे: पाळीची वेळ पंधरा मिनिटं सरकवा, स्टेशनवरून कंपनीची गाडी ठेवा. पण उशीर एकदा स्वभावात जमा झाला की बोलायचं काय? उपाय त्याने स्वतःत करायचा. जमल्यास आणखी एका शिबिराला बसून.

मानसशास्त्रात या सवयीला १९७७ मध्ये ली रॉस यांनी 'मूलभूत आरोपण दोष' अशा अर्थाचं नाव दिलं: दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला दिसत नाही, स्वभाव मात्र लगेच दिसतो. स्वतःच्या बाबतीत उलट; मला उशीर झाला तर गाडी लेट होती. म्हणजे आकारांची चाचणी ज्या शास्त्राचं नाव सांगते, त्याच शास्त्राने जी चूक करू नका म्हणून शिकवलं, ती चूक ती रीतसर करायला शिकवते. आणि ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. मॅनेजरने नागमोडी निवडली तर तो कल्पक. हेल्परने निवडली तर बेशिस्त. वर्तुळ निवडणाऱ्या बाईला "तुम्ही माणसं जोडता" म्हणून वाढदिवस, हळदीकुंकू आणि पाहुण्यांचा चहा दिला जातो, हे मी कार्यालयांतून इतक्यांदा ऐकलंय की त्यात आकाराचा हात किती आणि बाई असण्याचा किती हे सांगायला चाचणी नको.

आयताचं मला विशेष वाटतं. आयत म्हणजे स्थित्यंतरातला माणूस, आणि त्याची ही अवस्था तात्पुरती, असं वर्णनात म्हटलेलं असतं. या तीन गावांत स्थित्यंतरात नाही कोण? फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला सी. राजगोपालाचारींनी कल्याण कॅम्पचं उल्हासनगर केलं. त्या शहराचे भाग अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असेच मोजले जातात. बदलापूर गिरगाव-लालबाग-डोंबिवलीतून घरांच्या भावाने ढकललेल्या माणसांनी भरलं. कारखान्यांत कायम नोकरी जाऊन कंत्राट आलं. या माणसांनी आयत निवडला तर तो स्वभाव नाही, तो पत्ता आहे.

उल्हासनगरला शिक्क्याबद्दल कुणी नव्याने सांगायला नको. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद सगळ्या मुंबईने केला. शिक्का मारल्याने आतला माल बदलत नाही, पण गिऱ्हाईक शिक्काच वाचतं, हे तिथल्या बाजारात पोराटोरालाही कळतं. शिबिरातला शिक्का याहून चिवट, कारण तो माणूस स्वतःच मिरवायला लागतो. "मी ना, त्रिकोण आहे," असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी मतभेद झाला की ऐकून घेणं थांबतं, कारण त्रिकोण ऐकत नसतात असं त्यांना सांगितलेलं असतं.

बचत गटातल्या ताई या खेळाच्या बाजूने जे सांगतील ते मात्र मला मान्य आहे. पहिल्या बैठकीत पंधरा बायका भिंतीला टेकून गप्प बसलेल्या असतात. नाव विचारलं तरी नवऱ्याचं आडनाव सांगून थांबतात. "कोणता आकार आवडला?" याचं उत्तर द्यायला शिक्षण लागत नाही, चुकायची भीती नाही. एकदा तोंड उघडलं की बोलणं सुरू होतं. मग ते बोलणंच ऐकावं. त्रिकोण का घेतला, असं विचारलं तर कुणी सांगेल, माहेरच्या देवळाचं शिखर आठवलं. कुणी म्हणेल, पहिल्यांदा शिवलेल्या ब्लाउजची कळी. इथवर आकार कामाचा आहे. फळ्यावरचा तक्ता उघडला की हे सगळं बंद होतं, कारण आता उत्तर सरांकडे असतं आणि बाईंनी फक्त मान डोलवायची असते. तक्ता न आणता नुसते आकार आणणारे प्रशिक्षक असतील तर त्यांना जरूर बोलवावं.

तक्ता आणायचाच असेल, तर एचआरने पैसे देण्यापूर्वी एक छोटी अट घालावी. शंभर माणसांनी आकारांवर खुणा करून कागद पाकिटात बंद करावेत. मग पाचही वर्णनं, आकारांची नावं काढून, क, ख, ग, घ, च अशी छापून वाटावीत आणि ज्याने त्याने आपलं वाटेल ते निवडावं. त्यानंतर पाकिटं फोडून जुळण्या मोजाव्यात. माणसं जोडणारं वर्णन सगळ्यांनाच गोड लागतं, तेव्हा योगायोगाचा हिशेब आधी करून ठेवावा: ६० जणांनी वर्तुळ आणि ६० जणांनी वर्तुळाचं वर्णन निवडलं, तर कशाचा कशाशी संबंध नसतानाही त्या एका आकारात सुमारे ३६ जुळण्या होणारच. त्याच्या वर किती येतात ते बघायला चहाची सुट्टी पुरते. सरांची फी त्या आकड्यावर ठरवावी.